खाणीच्या नफ्याची नाणी

जुन्या चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा आणि त्याचे कुलचिन्ह असणार, हे आपण गृहीतच धरतो. जर्मनीतल्या ‘आउसबॉयटे थालर’ म्हणजे खाणीच्या नफ्याच्या चांदीच्या नाण्यांवर मात्र ज्या खाणीतून चांदी निघाली तिचे नाव असते, कधी तिचे चित्रही. हार्त्स डोंगरातल्या ‘पांढरा हंस’ नावाच्या खाणीच्या थालरवर खरोखरच हंस आहे. लाउटेनटाल गावच्या थालरवर वीणेसारखे वाद्य वाजवणारी स्त्री उभी आहे, आणि तिच्या पायाशी खाणीचा सारा पसारा कोरलेला आहे.

या नाण्यांमागे हिशेब होता. खाण सहसा एकाची नसे. सॅक्सनीत फ्रायबेर्गच्या परिसरात ती रूढीने 128 भागांत वाटलेली असे. या भागाला कुक्स म्हणत. नफा झाला की भागधारकांना वाटणी मिळे. तोटा झाला तर खिशातून भर घालावी लागे, तीही अनेकदा वर्षानुवर्षे. म्हणून खाण नफ्यात आली की खास थालर पाडले जात. काहींवर ती कोणत्या तिमाहीत नफ्यात आली, हेही लिहिलेले आहे. भूगर्भातल्या कष्टांचा इतका नेमका दस्तऐवज चांदीवर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हार्त्सच्याच चांदीतून ब्राउनश्वाइगच्या ड्यूक युलियसने 1574 पासून पाडलेली ‘ल्योझर’ नाणी अनेक थालरांच्या वजनाची होती. प्रजेने ती ऐपतीप्रमाणे विकत घेऊन राखून ठेवावीत, असा त्याचा हुकूम होता. अडीअडचणीला राज्याला ती चांदी हाताशी हवी होती. आज ही नाणी सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहेत.

नवख्याने 1826 पासूनच्या प्रशियाच्या मान्सफेल्ड थालरपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. ‘मान्सफेल्डच्या खाणकामाचे वरदान’ अशा अर्थाचा लेख त्यावर आहे. 1857 च्या नाणेविषयक करारापूर्वीचा थालर 22.27 ग्रॅम आणि 750 शुद्धतेचा, नंतरचा 18.52 ग्रॅम आणि 900 शुद्धतेचा. शुद्ध चांदी मात्र दोन्हींत जवळपास तेवढीच. वजने अशी ठरलेली असल्यामुळे वजनकाटा जवळ असला की पहिली पारख घरीच होते.

कडाही नीट पाहा. दागिना म्हणून घातलेल्या नाण्याची कडी नंतर काढलेली असते, आणि तिथली घासलेली खूण किंमत बरीच उतरवते. आणि नाणे हाती आले, तर ते घासून चकचकीत मात्र कधीही करू नका.