तळघरातला खटका

इटालियन वाईनवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टस्कनीच्या टेकड्या असणार. मी गेलो जर्सी सिटीत. आपल्या लोकांची वर्दळ तिथे इंडिया स्क्वेअरच्या दुकानांत. पण डाउनटाउनकडे उतरलं की ‘व्हिलेज’ ही जुनी इटालियन वस्ती लागते. तिथलं होली रोझरी चर्च १८८५ सालचं. इतिहास एवढा पुरे. मला तिथलं वाईनचं तळघर बघायचं होतं.

इटलीत द्राक्षाच्या जातीवरून मुलूख ओळखावा. पिडमाँटच्या नेब्बिओलोची बरोलो दिसायला फिकी, पण जीभ आवळून धरते आणि वर्षानुवर्षं मुरवावी लागते. टस्कनीची कियांती उभी आहे ती आंबटसर सांजोवेझेवर. कांपानियात उशिरा पिकणारं आल्यानिको, सिसिलीत नेरो दाव्होला. माणसं बोटीत बसून अमेरिकेला आली. वेली मागे राहिल्या.

मग आली दारूबंदी, १९२० ते १९३३. घरच्यापुरता ‘फळांचा रस’ करायची पळवाट कायद्यातच होती, कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर! कॅलिफोर्नियाची द्राक्षं मालगाड्या भरभरून जर्सी सिटीच्या रेल्वे यार्डात उतरू लागली. एवढ्या प्रवासात कुठली जात टिकेल हे चवीवर नाही, सालीवर ठरलं. जाड सालीचं आलिकांते बूशे तग धरायचं. त्याचा गरही लाल, त्यामुळे चोथ्यावर साखरपाणी ओतून दुसऱ्यांदा वाईन काढली तरी रंग उतरत नसे. ही जात मुळात फ्रान्सची. इटालियन तळघरात, कॅलिफोर्नियात पिकलेलं, फ्रेंच द्राक्ष!

मी ज्या तळघरात उतरलो तिथल्या आजोबांना या विरोधाभासाचं काही वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष होतं दाबयंत्रावर. उभ्या लाकडी पट्ट्यांची टोपली, मधोमध लोखंडी स्क्रू, चोथ्यावर ठेवायच्या दोन अर्धगोल फळ्या आणि वर खटक्याचं डोकं. दांडा पुढे-मागे केला की खटका दातऱ्यात पडतो, टक्. फळ्या अगदी थोड्या खाली सरकतात. आपल्या गुऱ्हाळातला चरक उसाला दम घेऊ देत नाही; इथे चार टक् झाले की थांबायचं. रस निथळू द्यायचा, मगच पुढचा टक्. घाई केली तर रस पट्ट्यांमधून पिचकारीसारखा उडतो आणि बियांचा कडवटपणा वाईनमध्ये उतरतो. मी दांडा जोरात ओढला तेव्हा आजोबांनी नुसता माझा हात धरला.

इथवर येण्याआधी साली पिंपात फसफसत असतात. वर आलेला थर रोज खाली ढकलावा लागतो आणि त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवावीच लागते. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तळघरात तो साचला तर माणूस बेशुद्ध पडायला वेळ लागत नाही.

आता मुळात तळघरंच उरत नाहीयेत. हडसनपलीकडे मॅनहॅटन, त्यामुळे घरांच्या किमती चढल्या, म्हातारी घरं विकली गेली, पिंपांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळाचं पाणी शहराच्या सखल भागांत शिरलं, तेही ऐन वाईनच्या हंगामात. पण मला खरी काळजी वाटते ती बादल्यांची. थंड केलेला तयार रस आता सहा गॅलनच्या बादलीत मिळतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने सांजोवेझे लावलं तेव्हा निदान वेल जमिनीत रुजवली, उन्हाशी आणि छाटणीशी झगडा मांडला. बादलीबरोबर झगडा येत नाही. वर सांजोवेझे, बार्बेरा अशी नावं मात्र असतात; म्हणजे मागे राहिलेल्या जाती शंभर वर्षांनी घरी पोचल्या म्हणायच्या. वाईनही वाईट होत नाही, आजोबांच्या नातवाने केलेली मी प्यायलो. तिला दाबयंत्र लागलंच नव्हतं.