ऊस नोंदीची ओळ पक्क्या वहीत कशी चढते?



“नोंद तर वेळेवर दिली, मग तोड का येत नाही?” हा प्रश्न दर हंगामात गट ऑफिसात ऐकू येतो. त्याचे कारण कधी टोळ्यांच्या टंचाईत असते, तर कधी कॉम्प्युटरमध्ये चढताना बिघडलेल्या एका ओळीत असते. ही ओळ कशी चढते हे सभासदाला माहीत असले, तर चूक वेळीच दुरुस्त करून घेता येते.

गटागटातील नोंदी मुख्य ऑफिसात टेक्स्ट फाईलने येतात. टेक्स्ट फाईल म्हणजे नुसत्या साध्या ओळी. एका प्लॉटची एक ओळ, आणि ओळीत स्वल्पविरामाने पाडलेले रकाने. फाईलमध्ये पुष्कळ मजकूर असतो. तोडणीच्या तक्त्याला मात्र मोजकेच रकाने लागतात : सभासद नंबर, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख. म्हणून सगळी फाईल तक्त्यात ओतायची नसते. धान्य चाळून मगच कणगीत भरतो, तसंच हे.

सगळ्या ओळी प्रथम कच्च्या वहीत, म्हणजे तात्पुरत्या तक्त्यात, जशाच्या तशा घ्याव्या. तेथे तपासून चालू हंगामाच्या ओळी आणि लागणारे रकाने तेवढे पक्क्या तक्त्यात चढवावे. शेवटी ताळा घ्यावा : चढलेल्या, वगळलेल्या आणि अडकलेल्या ओळी मिळून आलेल्या ओळींइतक्या भरल्याच पाहिजेत. अडकलेली ओळ टाकून द्यायची नसते. तिची यादी गटाकडे परत गेली पाहिजे. त्या एका ओळीत कुणाचा तरी वर्षाचा ऊस उभा असतो.

चुका बहुधा चार ठिकाणी होतात.

१) क्षेत्र : सातबारावरील १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ ३ एकर. बोलण्यातले १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. आकडा एकच, ऊस निम्मा!

२) तारीख : ५-१ ही ५ जानेवारीची सुरू लागण. महिना आधी वाचणाऱ्या कॉम्प्युटरला ती १ मे वाटते आणि ऊस कागदावर चार महिने कोवळा ठरतो. १५ तारीख असली तर कॉम्प्युटर अडतो, चूक दिसते. १२ पर्यंतची तारीख मुकाट्याने उलटते.

३) नंबर : गट नंबर १२५ वांबोरीत असू शकतो आणि टाकळीमियातही. म्हणून गाव आणि गट नंबर जोडीनेच घ्यावे लागतात. बँक खात्याच्या नंबरातील सुरुवातीची शून्ये गळाली तर बिल अडते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे. पण खातेच चुकले तर तिचा काय उपयोग?

४) नाव : नावातच स्वल्पविराम पडला तर पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. शिवाय एका गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात. ओळख सभासद नंबरानेच पटवावी.

गावाची माहिती कॉम्प्युटरने कारखान्याशी जोडण्याचा मोठा प्रयोग वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत १९९८ साली सुरू झाला. पुढे तेथे काही गावांत मोबाईलच्या संदेशावरही सभासदाला उसाची माहिती देऊन पाहण्यात आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत तर शेतकऱ्यानेच मोबाईलवर पीक नोंदवायचे आहे. यंत्र बदलले तरी आपली ओळ आपणच तपासायची, ही गोष्ट बदललेली नाही.

तरी नोंद देताना क्षेत्रापुढे हेक्टर-आर की एकर-गुंठे ते लिहावे, तारखेतील महिना अक्षरात लिहावा व सभासद नंबर न विसरता द्यावा. पावती मिळताच चारही गोष्टी स्लिपबॉयसमोरच वाचून घ्याव्या. चूक लागणीत सापडली तर पेनाने सुटते. तोडणीत सापडली तर वजनात भोगावी लागते.

— ऊस विकास अधिकारी