मातीविना शेती (भाग ७) : चेरी टोमॅटोचे वजन आणि गोडी

चेरी टोमॅटोचे एक फळ साधारण १० ते २० ग्रॅमचे असते. साध्या टोमॅटोची गोडी ४ ते ५ ब्रिक्स भरते, तर चांगल्या चेरी टोमॅटोची ७ ते १० पर्यंत जाते. गोडीचा गुण वाणात असतो. तो फळात कितपत उतरेल, हे मुळांभोवतीचे माध्यम आणि खताचे द्रावण ठरवतात.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पिशवीत नुसती माती भरली, तर ती पाण्याने दबून घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, पाणी धरतो आणि हवाही खेळती ठेवतो. मात्र त्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड बरेच असते. म्हणून तो आधी गोड्या पाण्याने धुतात, मग कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात. ही पायरी गाळली, तर कोकोपीट झाडासाठी दिलेले कॅल्शियम स्वतःच धरून ठेवते. परलाइट मिसळल्यास निचरा सुधारतो, पण ओल कमी टिकते. ठिबकच्या पाळ्या वाढवाव्या लागतात. गांडूळखत अन्नद्रव्ये देते, पण प्रमाण वाढले की माध्यमात क्षार साठतात.

कोकोपीटमध्ये स्वतःचे अन्न जवळपास नसल्याने सगळे पोषण विद्राव्य खतांतून द्यावे लागते. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फळधारणा लांबते. फळे लागल्यावर पालाशची गरज वाढते. तो कमी पडला तर फळे एकसारखी रंगत नाहीत. कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच पोचते, त्यामुळे पाण्यात खंड पडला की फळाचे टोक काळे पडते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटची खते तीव्र द्रावणात एकत्र केली तर साका बसतो. म्हणून त्यांच्या टाक्या वेगळ्या ठेवतात. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असावा.

खरा पेच क्षारतेचा, म्हणजे ईसीचा आहे. ईसी वाढवला की मुळांना पाणी ओढणे जड जाते. फळात पाणी कमी भरते, साखर आणि आम्ल दाट होते. फळ गोड पण लहान राहते आणि उत्पादन घटते. ईसी कमी ठेवला तर वजन वाढते, चव पातळ होते. त्यामुळे रोपे लहान असताना ईसी २ च्या आसपास ठेवून फळे पोसू लागल्यावर तो टप्प्याटप्प्याने ३ पर्यंत नेतात. कोरड्या पडलेल्या माध्यमात एकदम भरपूर पाणी सोडले, तर पिकत आलेली फळे तडकतात. म्हणून पाणी थोडे थोडे, अनेक पाळ्यांत द्यावे.

दिलेल्या द्रावणापैकी २० ते ३० टक्के पिशवीखालून निथळले पाहिजे. या निचऱ्याचा ईसी रोज मोजावा. तो दिलेल्या द्रावणापेक्षा बराच वर गेला, तर खत न वाढवता पाण्याची पाळी वाढवावी.