मेकेदाटूची घळई

बेंगळुरूच्या दक्षिणेस सुमारे १०० कि.मी. अंतरावर अर्कावती नदी कावेरीस मिळते. या संगमापासून काही कि.मी. खाली कावेरीचे विस्तीर्ण पात्र एकाएकी आकसते आणि नदी एका अरुंद, खोल घळईत शिरते. हेच मेकेदाटू होय. कन्नड भाषेत या नावाचा अर्थ ‘शेळीची उडी’ असा आहे.

वरच्या अंगास शिवनसमुद्र येथे हीच नदी दोन फाट्यांत विभागून गगनचुक्की व भरचुक्की या धबधब्यांच्या रूपाने खाली कोसळते. तिच्या या उताराच्या बळावर तेथे १९०२ साली वीजनिर्मिती सुरू झाली व ती वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. मेकेदाटूजवळ नदीची तीच शक्ती खडक कोरण्याचे काम करते.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की पदभ्रमण करणाऱ्यांचे गट येथे येतात. उघड्या पडलेल्या खडकांत त्यांना गोल, गुळगुळीत खळगे दिसतात. निघोज येथील कुकडी नदीचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे अपरिचित वाटणार नाहीत. निघोजचा खडक बेसाल्टचा, तर येथील खडक त्याहून कितीतरी प्राचीन. परंतु क्रिया एकच आहे. भोवऱ्यात सापडलेले गोटे व वाळू एकाच जागी गरगरत राहतात आणि खडक कोरीत जातात.

हे खळगे जितके मनोहर, तितकेच ते धोक्याचे सूचक आहेत. जेथे खळगा आहे, तेथे कधीतरी भोवरा होता आणि पाणी वाढताच तो पुन्हा निर्माण होऊ शकतो. रुंद पात्रातील पाणी अरुंद घळईत सामावते, तेव्हा त्याची खोली वा वेग वाढणे अपरिहार्य असते. म्हणूनच वरून संथ भासणाऱ्या पाण्यात उतरलेला पट्टीचा पोहणाराही कपारीत ओढला जातो. येथे अनेकांनी अशा रीतीने प्राण गमावले आहेत.

शिवाय, आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. कोडगूच्या डोंगरांत पाऊस झाला किंवा वरच्या धरणांतून पाणी सोडले गेले, तर त्याची चाहूल घळईतील माणसाला आधी लागत नाही. याकरिता गटाने विश्रांतीची जागा निवडताना काठाच्या खडकाकडे पाहावे. पुराने घासलेला गुळगुळीत भाग जेथे संपतो आणि खडबडीत खडक सुरू होतो, तेथपर्यंत पाणी येऊन गेलेले असते. बसावयाचे ते त्याच्या वर.