इस्त्रीतली चकचकीत पत्री म्हणजे अभ्रक. नाव कसं पडलं, उपयोग काय?

जुनी इस्त्री उघडली की तारेजवळ काचेसारखी पातळ पत्री दिसते. तेच अभ्रक, इंग्रजीत मायका. संस्कृतात अभ्र म्हणजे ढग, त्यावरून अभ्रक.

हे खनिज दगडात सापडतं, पण वहीच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे सुटतात. त्यातनं वीज जात नाही आणि शेकडो अंश तापलं तरी ते जळत नाही. म्हणून इस्त्रीची तार त्यावर गुंडाळतात. मिक्सरच्या मोटारीत तांब्याच्या पट्ट्यांमध्येही तेच असतं. त्याची भुकटी रंगाला आणि लिपस्टिकला चमक आणते.

कपाटाच्या सनमायकात मात्र अभ्रक नसतं. ते राळेत दाबलेले कागदाचे थर. अमेरिकेत 1913 च्या सुमारास विजेच्या कामाला अभ्रकाऐवजी असा पत्रा निघाला, म्हणून त्याचं नाव पडलं ‘फॉर-मायका’.

आपल्या जिल्ह्यात बहुतेक काळा बेसाल्ट. अभ्रक घाटाखाली, सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या कडावलला सापडतं. त्यामुळं विहिरीत चमकणारा खडा निघाला तर तो बहुधा गारगोटी नाहीतर स्फटिक असतो. त्याच्या नादानं कुणाला पैसे देऊ नका.

आणि इस्त्री दुरुस्तीला दिली तर अभ्रकाची पत्री फाटलीय का ते विचारा. फाटली असेल तर नवीनच घाला, पुठ्ठा घालून भागवू नका. पुठ्ठा जळतो, वीज लोखंडात उतरते आणि ओल्या हातानं इस्त्री धरणाऱ्याच्या जिवावर बेततं. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगही हवंच.