आकाशातली जागल

पौषातली सकाळ. परभणीच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. माळ्यावरचा राखणदार गोफण हाताशी घेऊन पाखरांवर नजर ठेवून असतो, आणि एखाद्या दिवशी त्याच्या डोक्यावरून एक पांढरी रेघ सरकत जाते. रेघेच्या टोकाला चांदीचा ठिपका. आवाज कानावर येतो तोवर ठिपका बराच पुढे निघून गेलेला असतो.

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. आकाश मात्र रिकामं नसतं. नकाशावर दिल्ली आणि बंगळुरू सरळ रेघेने जोडले, तर ती रेघ नांदेडजवळून खाली उतरते. मुंबई आणि भुवनेश्वर जोडले, तर रेघ परभणीपासून फार लांब राहत नाही. परभणीहून नांदेड गाठायला रेल्वेला तासभर लागतो. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने जाणारं विमान तेवढं अंतर चारेक मिनिटांत मागे टाकतं. या चार मिनिटांत विमानाच्या नाकाशी बसलेले दोघे काय करत असतील? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: उड्डाण झालं, ऑटोपायलट लावला, आता उतरेपर्यंत निवांत.

माळ्यावरच्या राखणदाराबद्दलही लांबून बघणाऱ्याला असंच वाटतं.

ऑटोपायलट सांगितलेलं काम चोख करतो. ठरलेली उंची, दिशा आणि वेग तो धरून ठेवतो आणि संगणकात भरलेल्या मार्गावरून विमान नेतो. पण पुढच्या ढगाला उजवीकडून वळसा घालायचा की डावीकडून, हे तो ठरवत नाही. एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला तर नागपूरला उतरायचं की हैदराबादला, हेही त्याला कळत नाही. त्याला सांगणारी आणि त्याने सांगितलेलं केलं की नाही हे पाहणारी माणसं लागतात. म्हणून कॉकपिटमध्ये कामाची वाटणी असते. एक जण विमान चालवतो, म्हणजे मार्ग, उंची आणि ऑटोपायलट त्याच्या ताब्यात असतात. दुसरा रेडिओवर बोलतो, नोंदी ठेवतो आणि पहिल्याचं काम तपासतो. कॅप्टनने उंचीचा नवा आकडा लावला की सहवैमानिक तो पाहून मोठ्याने म्हणतो. पूर्णा जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात. तीच ही रीत.

सुमारे 35,000 फुटांवर, म्हणजे साडेदहा किलोमीटरहून अधिक उंचीवर, बाहेरचं तापमान उणे 50 अंशांच्या खाली असतं आणि हवा इतकी विरळ की माणूस श्वास घेऊन शुद्धीवर राहू शकत नाही. केबिनमध्ये दाबाखाली हवा भरलेली असते, म्हणून प्रवाशांना ते जाणवत नाही. हा दाब अचानक गेला तर सावध राहून काही करण्यासाठी हाती अर्धा ते एक मिनिट उरतं. तेवढ्यात ऑक्सिजनचा मुखवटा चढवायचा आणि विमान 10,000 फुटांच्या आसपास आणायचं. त्यामुळे दाबाचा आकडा, इंजिनांचं तापमान, तेल, वीज, हायड्रॉलिक यंत्रणा यांवर दोघांचे डोळे ठरावीक वेळाने फिरत राहतात.

मग इंधन. एअरबस 320 सारखं विमान तासाला साधारण दोन-अडीच टन इंधन जाळतं. निघण्याआधी मिळालेल्या उड्डाण-आराखड्यात मार्गावरच्या प्रत्येक टप्प्यावर किती इंधन उरायला हवं, हे लिहिलेलं असतं. तो टप्पा आला की वैमानिक टाकीतला आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. कमी भरलं, तर समोरून वारा जास्त आहे की कुठे गळती आहे, याचा शोध सुरू होतो. ठरलेल्या विमानतळावर उतरता आलं नाही तर दुसरा गाठता यावा, आणि त्यावरही अर्धा तास हवेत राहता यावं, एवढा साठा हिशेबात धरलेला असतो.

रेडिओचं काम दिसायला सर्वांत सोपं. विमान एका नियंत्रण केंद्राच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातं, नवी फ्रिक्वेन्सी लावायची, नमस्कार करायचा आणि उंची सांगायची. पण एक आकडा चुकला की काय होतं, हे 16 फेब्रुवारी 2017 रोजी दिसलं. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवरून जाताना जमिनीशी संपर्क तुटला. विमानाचं अपहरण तर झालं नाही ना, या शंकेने जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं त्याच्या शेजारी येऊन उडू लागली. संपर्क पुन्हा जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरलं. अशा वेळेसाठीच दुसऱ्या रेडिओवर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी कायम लावून ठेवायची असते.

उंचीची शिस्त याहून कडक. समोरासमोर येणारी दोन विमानं एकमेकांच्या फक्त 1,000 फूट वरून किंवा खालून जातात, आणि दोघांचा वेग मिळून ताशी सतराशे किलोमीटरच्या घरात असतो. ठरलेली उंची सुटली तर काय होतं, याची किंमत भारताने 12 नोव्हेंबर 1996 रोजी मोजली. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जंबो विमान आणि कझाकस्तानचं मालवाहू बनावटीचं विमान हवेत एकमेकांवर धडकली. कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली उतरलं होतं. दोन्ही विमानांतले सगळे, 349 जण, मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळण्याचा इशारा देणारं उपकरण सक्तीचं झालं. आज हे उपकरण आसपासची विमानं पडद्यावर दाखवतं, आणि धोका दिसला तर वर जा किंवा खाली जा, असं बोलून सांगतं.

कॉकपिटमधली राखण क्षणभर सुटली तर काय घडतं, हे सांगणारा प्रसंग महाराष्ट्राच्या वाटेवरचाच आहे. मे 2010. एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग 737 दुबईहून पुण्याला येत होतं. उंची 37,000 फूट. कॅप्टन स्वच्छतागृहात गेले. आत एकट्या राहिलेल्या सहवैमानिकाने आपली खुर्ची पुढे सरकवली आणि त्या ओघात नियंत्रण दांडा पुढे रेटला गेला. विमानाचं नाक खाली गेलं. गोंधळलेल्या सहवैमानिकाला ते सावरता येईना, आणि कॅप्टनसाठी दारही उघडता येईना. शेवटी कॅप्टनने आणीबाणीचा संकेतांक वापरून दार उघडलं आणि विमान सावरलं. तोवर ते जवळपास 7,000 फूट खाली आलं होतं. प्रवासी पुण्यात सुखरूप उतरले.

चार वर्षांनी, ऑगस्ट 2014 मध्ये, मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं बोईंग 777 तुर्कस्तानच्या अंकारावरून जाताना सुमारे 5,000 फूट घसरलं. कॅप्टन नियमाने मिळणारी छोटी झोप घेत होते आणि सहवैमानिक टॅब्लेटवरच्या कागदपत्रांत गुंतल्या होत्या. उंची सुटल्याचं आधी लक्षात आलं ते तुर्की नियंत्रकांच्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोघांनाही निलंबित केलं.

या दोन्ही प्रसंगांत विमान धडधाकट होतं. उणीव होती ती दुसऱ्या जोडी डोळ्यांची. म्हणूनच एक वैमानिक बाहेर जाताना केबिन क्रूमधल्या एकाने कॉकपिटमध्ये येऊन थांबायची पद्धत रुळली.

याच्या उलट, यंत्राने अचानक हात वर केले तर? 1 जून 2009 रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला जाणारं एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकवर रात्रीच्या वादळी ढगांत शिरलं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे विस्कटले आणि ऑटोपायलट सुटला. कॅप्टन नुकतेच विश्रांतीला गेले होते. उरलेल्या दोघांना विमान नेमकं कोणत्या स्थितीत आहे हे उमगलं नाही. साडेचार मिनिटांच्या आत ते समुद्रात कोसळलं. 228 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. तासन् तास सगळं सुरळीत चाललेलं असताना एका क्षणात पूर्ण जागं होऊन हाताने विमान उडवता आलं पाहिजे, हा धडा जगभरच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणात त्यानंतर अधिक ठसवला गेला.

तरीही माणूस किती वेळ जागा राहणार? लांबच्या प्रवासात म्हणून वैमानिक जास्त असतात. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं बोईंग 777 सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवाच्या वाटेने बंगळुरूला आलं. जवळपास 14,000 किलोमीटर, सुमारे 17 तास. कॅप्टन झोया अगरवाल यांच्यासह चार महिला वैमानिकांनी ते आणलं. अशा प्रवासात दोघी विमान सांभाळतात तेव्हा इतर दोघी विश्रांती घेतात. ध्रुवाकडच्या थंडीत आणखी एका आकड्यावर लक्ष ठेवावं लागतं, तो म्हणजे इंधनाचं तापमान. ते गोठणबिंदूजवळ जाऊ लागलं तर उंची किंवा वेग बदलावा लागतो.

मराठवाड्याच्या आकाशाची गोष्ट वेगळी. इथे चैत्र-वैशाखात दुपार कलली की आभाळ काळवंडतं, गारा पडतात आणि आंब्याच्या, केळीच्या बागा झोडपून निघतात. शेतकऱ्याच्या छातीत धस्स करणारा तो ढग वैमानिकालाही नको असतो. विमानाच्या नाकातलं रडार पुढचा पाऊस रंगांत दाखवतं: हिरवा हलका, पिवळा मध्यम, लाल टाळायचा. वैमानिक नियंत्रकाला विचारून वाट बदलतात आणि वादळी ढगांपासून कित्येक किलोमीटर दूर राहतात.

पण रडारला दिसतो तो पाऊस आणि गारा. कोरड्या, निरभ्र हवेतला खळबळाट त्याला दिसत नाही. पुढे गेलेल्या विमानाने रेडिओवर सांगितलं तर कळतं, नाही तर धक्का बसल्यावरच. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर अचानक जोरदार हेलकाव्यात सापडलं. एका वयस्कर प्रवाशाचा त्यात मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. ज्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, ते उसळून छतावर आदळले.

नांदेडहून असो वा हैदराबादहून, परभणीकर आता पूर्वीपेक्षा अधिक विमानाने जातात. पट्टा बांधण्याचा इशारा देणारा दिवा विझला म्हणून बरेच जण बसल्या बसल्या पट्टा सोडतात. तसं करू नका. बसलेले असाल तोवर, झोपेतसुद्धा, पट्टा सैलसर का होईना बांधलेलाच ठेवा. दाराआडचे दोघे जे पाहू शकतात ते पाहत असतात. जे कुणालाच दिसत नाही, त्यासाठी तो पट्टा आहे.