थाई वर्गातील इंग्रजी: खेळ आणि प्रश्नपत्रिका

थायलंड हा देश कोणत्याही युरोपीय सत्तेची वसाहत कधीच झाला नाही, आणि त्यामुळे इंग्रजी ही तेथे कचेरीची, न्यायालयाची किंवा उच्च शिक्षणाची भाषा म्हणून रुजली नाही. ती प्रथम शिरली ती राजवाड्यात, परराष्ट्रांशी बोलणी करण्याची गरज म्हणून. १८५१ ते १८६८ या काळात गादीवर असलेल्या राजा मोंगकुट याने आपल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी १८६२ मध्ये ॲना लिओनोवेन्स यांची नेमणूक केली. पुढे कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट यांमुळे जगभर नाव झालेल्या या बाईंचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरात झाला होता आणि विवाह पुण्यात, ही हकिकत मात्र त्यांनी हयातभर दडवली व आपण वेल्समध्ये जन्मल्याचे सांगितले. राजपुत्रांपुरती असलेली ही भाषा सर्वसामान्य शाळेत इयत्ता पहिलीपासून सक्तीची व्हायला १९९६ साल उजाडले. महाराष्ट्राने तसाच निर्णय २००० मध्ये घेतला, परंतु साम्य येथेच संपते. फुकेत, पट्टाया किंवा चिआंग माईसारखी पर्यटनस्थळे सोडली तर थाई मुलाचे वर्गाबाहेर इंग्रजीवाचून काहीही अडत नाही.

थायलंडमधील शालेय शिक्षण बारा वर्षांचे असून त्याचे प्राथोम आणि मत्थयोम असे प्रत्येकी सहा इयत्तांचे दोन टप्पे आहेत. मराठी वाचकाला त्यांत ‘प्रथम’ आणि ‘मध्यम’ सहज ओळखू येतील. २०१४ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने युरोपात तयार झालेली भाषिक क्षमतेची मोजपट्टी स्वीकारली आणि सहावीअखेर ‘ए-१’, नववीअखेर ‘ए-२’ व बारावीअखेर ‘बी-१’ ही उद्दिष्टे ठरवली. यांतील ‘बी-१’ म्हणजे प्रवासात, कामाच्या ठिकाणी किंवा ओळखीच्या विषयावर स्वतःच्या बळावर बोलता-लिहिता येण्याची पातळी. प्रत्यक्षात ‘ओ-नेट’ या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या इंग्रजीची सरासरी अनेक वर्षे शंभरपैकी तीसच्या आसपास घोटाळत राहिली. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तरी वीस-पंचवीस गुण पदरात पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे बारा वर्षांच्या अध्यापनाची कमाई किती तोकडी ठरते ते कळते.

या अपयशाचे खापर बहुधा पाठांतरावर फोडले जाते आणि उपाय म्हणून वर्गात खेळ आणले जातात. अनेक शाळांत परदेशी शिक्षक संभाषणाच्या तासाला खेळ घेतो, थाई शिक्षक व्याकरण व सराव प्रश्नपत्रिका सांभाळतो, आणि या दोघांची गाठ शिक्षकांच्या खोलीबाहेर क्वचितच पडते. खरे नुकसान होते ते या वाटणीमुळे. खेळात जे उच्चारले जाते ते परीक्षेत येत नाही आणि परीक्षेत जे येते ते कोणी तोंडाने बोललेले नसते. परीक्षेचे स्वरूप अध्यापनाला मागे खेचून आपल्या साच्यात बसवते, या प्रक्रियेला भाषाशिक्षणाच्या शास्त्रात परीक्षेचा ‘प्रतिप्रभाव’ म्हणता येईल. २०२३ च्या प्रवेशफेरीपासून विद्यापीठांसाठी लागू झालेल्या ‘टीगॅट’ या परीक्षेतील इंग्रजीच्या भागात ६० मिनिटांत ६० प्रश्न सोडवायचे असून त्यांपैकी निम्मे ‘संभाषणकौशल्या’चे आहेत; हे कौशल्यही अर्थात तोंड न उघडता, पर्याय निवडूनच दाखवायचे असते.

तोंड उघडण्याची अडचण केवळ परीक्षेतून आलेली नाही. थाई शाळेत वर्षाच्या आरंभी, बहुधा जूनमधील एखाद्या गुरुवारी, ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनाचा सोहळा होतो, आणि त्यात मुले नम्रतेची खूण म्हणून वांग्याची फुले व झपाट्याने वाढणाऱ्या बुद्धीची खूण म्हणून दूर्वा गुरूंपुढे ठेवतात. दुसऱ्याला संकोच वाटेल, त्याची अडचण होईल असे काही करू नये, या वृत्तीला थाई भाषेत ‘क्रेंगचाई’ म्हणतात. तिच्यामुळे शंका विचारणे म्हणजे शिक्षकाच्या शिकवण्यात उणे काढणे ठरते आणि चारचौघांत चुकीचे उत्तर देणे म्हणजे शोभा करून घेणे. तासाला सुरुवात होताच वर्गनायक उभे राहण्याची आज्ञा देतो, चाळीस मुले एका सुरात ‘गुड मॉर्निंग, टीचर’ म्हणतात, आणि ‘हाउ आर यू’ या प्रश्नाला ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ हे उत्तर, ताप आलेल्या मुलासकट, सगळी मुले देतात. समूहात बिनदिक्कत बोलणारी हीच मुले एकेकट्याने विचारल्यावर गप्प होतात. म्हणून या वर्गात चालणारा उपक्रम तोच, ज्यात चूक एकट्याच्या नावावर जमा होत नाही. आणि प्रत्येक कामात थोडी मौज हवीच, ही थाई अपेक्षा, जिला ते ‘सनुक’ म्हणतात, अशा उपक्रमाच्या पथ्यावर पडते.

‘वाक्यांचा लिलाव’ हा अशा उपक्रमांपैकी सर्वांत कसदार म्हणावा लागेल. त्याचे मर्म समजण्यासाठी थाई भाषेची घडण थोडी पाहावी लागते. थाई क्रियापद काळ, वचन किंवा पुरुष यांनुसार बदलत नाही. ‘काल’ हा शब्द वाक्यात आला की भूतकाळाचे काम भागते. शिवाय ‘जवळ असणे’ आणि ‘अस्तित्वात असणे’ या दोहोंसाठी ‘मी’ हे एकच क्रियापद चालते. परिणामी ‘आय गो टू मार्केट यस्टरडे’ आणि ‘इन माय स्कूल हॅव मेनी स्टुडंट्स’ ही वाक्ये थाई कानाला मुळीच खटकत नाहीत. लिलावात शिक्षक मुलांच्याच वह्यांमधून निवडलेली दहा-बारा वाक्ये, काही शुद्ध व काही सदोष, फळ्यावर लिहितो. प्रत्येक गटाला ठरावीक खोटे पैसे मिळतात, आणि शुद्ध वाटणारे वाक्य बोली लावून विकत घ्यायचे असते. ‘हॅव मेनी स्टुडंट्स’वर दोन गटांत चढाओढ लागते, भाव चढत जातो, विक्री होते आणि मग वाक्य सदोष असल्याचे जाहीर होते. पैसे बुडाल्यामुळे ते का सदोष, हे त्या गटाला मनापासून जाणून घ्यायचे असते. एरवी नियम सांगताना इतके लक्ष क्वचितच मिळते. चूक कोणाची, हा प्रश्न उद्भवत नाही, आणि परीक्षेतील ‘वाक्यातील दोष ओळखा’ या प्रकाराचा सरावही आपोआप होतो.

‘पळता श्रुतलेख’ हा उपक्रम कान आणि उच्चार यांसाठी उपयोगी पडतो. वर्गाबाहेरील भिंतीवर एक उतारा चिकटवलेला असतो. जोडीतील एकाने धावत जाऊन एक वाक्य डोक्यात साठवून आणायचे व दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने ते लिहायचे. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकेच व्यंजनध्वनी येऊ शकतात; अखेरचा ‘ल’ ‘न’सारखा होतो आणि ‘स’ ‘त’सारखा, म्हणून ‘फुटबॉल’चा ‘फुटबॉन’ होतो आणि ‘राइस’ व ‘राइट’ यांतील फरक पुसला जातो. लिहिणाऱ्याने भाताऐवजी उजवी बाजू लिहिली की सांगणाऱ्याला आपला उच्चार कोठे तुटला ते त्याच क्षणी कळते.

संभाषणाच्या प्रश्नांसाठी मात्र मुलांनाच परीक्षक करणे सर्वांत फलदायी ठरते. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तराभोवती जी फसवी उत्तरे पेरलेली असतात त्यांना ‘चकवा पर्याय’ म्हणता येईल. समजा, ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ हा प्रश्न दिला आहे. प्रत्येक गटाने त्याला एक बरोबर उत्तर व तीन चकवे लिहायचे आणि शेजारच्या गटाला सोडवायला द्यायचे. ‘यस, प्लीज’ हा चकवा हटकून बळी घेतो. खिडकी उघडण्याला हरकत आहे का, असा मूळ प्रश्न असल्याने होकार म्हणजे नकार ठरतो, हे चकवा रचणाऱ्या गटाला आधी समजून घ्यावे लागते. त्यानंतर दोघांनी उभे राहून तोच संवाद म्हणायचा, एकदा बरोबर उत्तराने आणि एकदा चकव्याने, म्हणजे चकव्याने ओढवणारी फजिती वर्गाला ऐकू येते.

याउलट बिंगो किंवा फळ्याकडे धावण्याच्या शर्यती वर्गात गलका पुष्कळ करतात, परंतु त्यांत मुलाच्या तोंडी सुटा शब्द येतो, वाक्य येत नाही. जसा प्रत्येक खेळ उपयोगी नसतो, तसे प्रत्येक पाठांतर निरुपयोगी नसते; म्हणून बँकॉकच्या सयाम चौक आणि फाया थाई भागांतील खासगी शिकवण्यांना नाके मुरडणेही तितकेसे योग्य नाही. शब्दसंग्रह चालींवर बसवून पाठ करून घेण्याची जी पद्धत तेथे आढळते ती वाचनाच्या उताऱ्यांसाठी खरोखर कामाची आहे, कारण शब्दच ठाऊक नसतील तर कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही. त्या शिकवण्यांचे शुल्क मात्र ईशान्येकडील शेतकऱ्याच्या मुलाला परवडत नाही, आणि त्याच्या छोट्या शाळेत बहुधा एकच शिक्षक इंग्रजीसह सगळे विषय शिकवतो.

२०२१ च्या सुमारास ‘ओ-नेट’ ऐच्छिक झाल्यामुळे खालच्या इयत्तांवरील दडपण काहीसे उतरले आहे. बारावीच्या वर्गावरील दडपण मात्र विद्यापीठ-प्रवेशाच्या ‘टीगॅट’मुळे कायम आहे. थायलंडचे शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते, दुसरे सत्र नोव्हेंबरात उघडते आणि ‘टीगॅट’ डिसेंबरात येऊन ठेपते. म्हणजे परीक्षेची तयारी दुसऱ्या सत्रावर टाकणाऱ्या शिक्षकाच्या हाती जेमतेम महिनाभर उरतो. चकवा पर्याय लिहिण्याचे काम जूनपासून आठवड्याला एक तास चालवले, तर ऑक्टोबरच्या सुट्टीपूर्वी वर्गाने स्वतः रचलेल्या प्रश्नांची एक जाडजूड वही तयार होते, आणि नोव्हेंबरात सरावासाठी बाजारातील मार्गदर्शक विकत घेण्याऐवजी ती वही शेजारच्या तुकडीशी अदलाबदल करून वापरता येते.